लाइन ऐकणाऱ्या कमलकाकी

कमलकाकींची आणि माझी खरी ओळख झाली ती त्यांनी माझा हात धरला म्हणून. मी हॉलमध्ये वाकून राउटरचा प्लग काढत होते. दार उघडंच होतं. मागून खणखणीत आवाज आला, "थांब! बंद करू नकोस." मी वळेपर्यंत एक उंच, सावळ्या बाई चपला दाराशी सोडून आत आल्या होत्या आणि माझं मनगट त्यांच्या मुठीत होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या भोईरकाकी. नायगावच्या त्या इमारतीत राहायला येऊन मला दीड वर्ष झालं होतं, पण लिफ्टमध्ये एकमेकींकडे बघून हसण्यापलीकडे आमचं काही झालं नव्हतं.

"रोगी बोलतोय तोवर विचारून घ्यावं," त्या म्हणाल्या. "एकदा झोपवलंस की काय सांगनार तो तुला?"

मग त्यांनी पदर खोचला, राउटरसमोर चक्क मांडी घातली आणि त्याच्या दिव्यांकडे बघत बसल्या. बराच वेळ. मला वाटलं, बाईंना काहीतरी येत असावं किंवा काहीच येत नसावं. दोन्हीपैकी एक.

काकी टेलिफोन खात्यात होत्या. नायगावच्या खाडीकाठी मिठागरावर काम करणाऱ्या बापाची ही मुलगी. शिकली, तांत्रिक परीक्षा दिली आणि एक्सचेंजमध्ये लागली. फोन जोडून देणाऱ्या बाया तिथे पुष्कळ होत्या; काकी त्यांच्यातल्या नव्हत्या. त्यांचं काम बिघाड शोधायचं. लोकांच्या तक्रारी आल्या की कानाला रिसीव्हर लावून त्या लाइन ऐकायच्या आणि दोष कुठे असेल ते सांगायच्या. "पानी शिरलं की लाइन खरखरते," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "तार तुटली की गप्प बसते. आनि कोनी चोरून जोडली असली ना, की श्वास घेते." इतकी वर्षं कार्यालयात काढूनही त्यांनी बोलण्यातला आपल्या गावचा ‘न’ सोडला नव्हता. साहेबांपुढेही सोडला नव्हता.

वसईतल्या सांडोरच्या बाजूला एका पावसाळ्यात पन्नासेक घरांचे फोन गेले होते. रस्त्याखाली केबलचे जोड कितीतरी. साहेब म्हणाले, सगळा रस्ता उकरायला लागेल. काकींनी दुपारभर एकेक लाइन ऐकली आणि कागदावर एक फुली मारली. "इथे खना." खड्डा झाला तेव्हा बाईमाणसाने आत उतरू नये असं साहेबांचं मत पडलं. काकी लुगड्याचा काचा मारून उतरल्या. जोड उघडला तर आत ओंजळभर पाणी. ही गोष्ट सांगताना त्या कधी हसायच्या नाहीत. फक्त उजव्या हाताची ओंजळ करून दाखवायच्या.

आता माझ्या राउटरची कथा सांगते, कारण काकी काय होत्या ते मला तिच्यातूनच कळलं.

मी खुणांच्या भाषेची दुभाषी आहे. माझा धाकटा भाऊ नितीन याला जन्मापासून ऐकू येत नाही. त्याच्याशी बोलता बोलता मी ती भाषा शिकले, पुढे रीतसर परीक्षा दिल्या. मी घरी बसून काम करते. ऐकू न येणारा माणूस डॉक्टरांकडे गेला की तिथल्या पडद्यावर मी दिसते. डॉक्टर बोलतात ते मी हातांनी सांगते, पेशंट हातांनी सांगतो ते मी बोलते. माझं सगळं काम त्या व्हिडिओवर चालतं. आवाज तुटला तर माणूस अंदाजाने वाक्य पुरं करतो. हात मध्येच थांबला तर अंदाज करायला काहीच उरत नाही.

त्या मंगळवारी पालघरकडच्या एका दवाखान्यातून कॉल होता. सहा महिन्यांची गरोदर बाई. डॉक्टर सांगत होत्या, की रक्तदाब वाढलाय, बाळाला त्रास होऊ नये म्हणून आजच दाखल व्हायला लागेल. मी ‘बाळ’ ही खूण केली आणि चित्र गोठलं. माझे दोन्ही हात पाळण्यासारखे धरलेले, चेहरा गंभीर, आणि पुढे काहीच नाही. दुसऱ्या दुभाषीने कॉल घेईपर्यंत चार मिनिटं गेली. ती चार मिनिटं त्या बाईला वाटत होतं, की बाळ गेलं. तिने टेबलावरच्या वस्तू ढकलून दिल्या होत्या, नवऱ्याला आवरत नव्हती. हे मला आमच्या संस्थेच्या प्रमुख बाईंनी संध्याकाळी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "वर्षा, नेट नीट होईपर्यंत तुला दवाखान्याचे कॉल देत नाही." त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आमच्या भागात इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला मी फोन केला. "बंद करून चालू करा." केलं. पुन्हा फोन केला. "दहा मिनिटं बंद ठेवा." ठेवलं. मग त्यांचा माणूस आला, राउटरच बदलून दिला, भिंतींकडे बघून म्हणाला, "नवीन बिल्डिंगच्या भिंती अशाच असतात. लॅपटॉपपण जुना आहे तुमचा." नवा राउटरही पहिल्यासारखाच. फोनवर सिनेमा सुरळीत दिसायचा आणि लॅपटॉपवर बोलायला बसलं की पाच-दहा मिनिटांत चित्र गोठायचं. मी आणखी एकदा प्लग काढायला वाकले होते, तेव्हा काकी आल्या.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारपासून."

"सोमवारी बरं होतं?"

"अगदी बरं."

"मग सोमवार-मंगळवारच्या मध्ये काहीतरी बदललंय. लॅपटॉप जुना म्हनतात, तो काय एका दिवसात जुना झाला?"

इतकं साधं वाक्य. पण चार दिवसांत माझ्याशी कोणी सरळ बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं. मला रडू आलं. काकींनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी वही मागितली.

वहीत त्यांनी उभ्या रेघा ओढल्या. किती वाजता तुटलं, कोणत्या खोलीत, कशावर, कोणता दिवा लागलेला होता. "दोष कुठे आहे ते नंतर. कुठे नाही ते आधी शोधायचं," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या घरून एक लांबलचक केबल घेऊन आल्या. लॅपटॉप त्या केबलने थेट राउटरला जोडला. दिवसभर मी नितीनशी, संस्थेतल्या मैत्रिणींशी व्हिडिओवर बोलत राहिले. एकदाही तुटलं नाही.

"म्हनजे बाहेरून येनारी लाइन धड आहे. गडबड हवेत आहे," काकींनी निकाल दिला.

मला तेवढं पुरे होतं. मी प्रमुख बाईंना कळवलं, केबल हॉलमधून माझ्या खोलीपर्यंत पसरली, तिच्यावरून उड्या मारत घरात वावरायला शिकले आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू केलं. काकींना पेढे द्यायला गेले तर त्या चष्मा लावून माझीच वही वाचत बसलेल्या.

"काकी, झालं ना आता. भागलं माझं."

"भागलं म्हनजे सापडलं नव्हे," त्या म्हणाल्या. पेढा घेतला, पण खाल्ला नाही. वाटीत ठेवून दिला.

त्यानंतर आठवडाभर त्यांनी इमारत पालथी घातली. मी दुपारी मोकळी झाले की बरोबर जायचे. आमच्या मजल्यापासून सुरुवात करून प्रत्येक दाराची बेल वाजवायची आणि विचारायचं: नेट कोणत्या कंपनीचं, कधीपासून त्रास, कशावर त्रास. लोक आधी कंटाळून बोलायचे. मग काकी मान हलवत ऐकायला लागल्या की तेच लोक खुर्ची पुढे ओढायचे. ऐकण्याची त्यांची एक तऱ्हा होती. डोळे मिटायच्या, डावा कान थोडा पुढे करायच्या आणि समोरच्याचं वाक्य पुरं झाल्यावरही दोन क्षण थांबायच्या. त्या दोन क्षणांतच खरी गोष्ट बाहेर पडायची. दुसऱ्या मजल्यावरची शिकवणी घेणारी बाई अशीच निघता निघता म्हणाली, "आधी माझ्या फोनमध्ये आमच्या वायफायची दोन नावं दिसायची हो. आता एकच दिसतं."

काकींनी डोळे उघडले.

घरी येऊन आम्ही माझ्या राउटरचं सेटिंगचं पान उघडलं. तिथे अपडेट निघाल्याची तारीख होती: मंगळवार, पहाट. बदलून मिळालेल्या राउटरनेही जोडल्याबरोबर तोच अपडेट घेतला होता. राउटर दोन तऱ्हेच्या लहरी सोडतो हे मला काकींनी तेव्हा समजावलं. एक लहर लांब पोचते पण सावकाश चालते. दुसरी वेगवान, पण भिंत आली की दमते. पूर्वी दोघींना दोन वेगळी नावं होती. माझा लॅपटॉप एकीला धरून बसायचा. अपडेटने दोघींना एकच नाव दिलं होतं, आणि आता राउटरच लॅपटॉपला कधी इकडे तर कधी तिकडे ढकलत होता. प्रत्येक वेळी ढकलताना थोडा वेळ लाइन तुटायची.

"सिनेमा बघनाऱ्याला कळनार नाही," काकी म्हणाल्या. "सिनेमा थोडा पुढचा भरून ठेवलेला असतो. तू मात्र आत्ताचं आत्ता बोलतेस. तुझ्याकडे पुढचं भरून ठेवलेलं काही नाही."

त्यांनी केबल काढायला लावली आणि मला व्हिडिओ कॉल चालू ठेवून हॉलमधून बेडरूमपर्यंत चालवलं. पाच वेळा. पाचही वेळा बेडरूमच्या उंबऱ्याशी चित्र गोठलं. मग दोन्ही लहरींची नावं पुन्हा वेगळी केली. बाकी काही हलवू दिलं नाही. "एका वेळी एकच बदल. दोन केलेस तर गुन कोनाचा आला ते कसं कळनार?" पुन्हा पाच वेळा चालले. एकदाही गोठलं नाही. काकींनी वहीत फुली मारली, घरी गेल्या आणि वाटीत ठेवलेला पेढा खाल्ला. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं.

त्या चुकायच्या नाहीत असं नाही. पाचव्या मजल्यावरच्या सावंतांकडे त्या अशाच ठसक्यात गेल्या, नावं वेगळी केली आणि "झालं" म्हणून उठल्या. सावंतांचं नेट तसंच राहिलं. ते तक्रार घेऊन आले तेव्हा काकींनी त्यांनाच दोन शब्द ऐकवले, की तुम्हीच काहीतरी बदललं असेल. रात्रभर त्यांना ते डाचत राहिलं असावं. सकाळी त्या मला घेऊन पुन्हा वर गेल्या, आणि या वेळी बसून सगळं पाहिलं. सावंतबाईंनी घर आवरताना राउटर लोखंडी कपाटाच्या मागे ठेवला होता. तो पुढे काढल्यावर नेट सुरू झालं. चहाला चार माणसं जमली होती, त्या सगळ्यांसमोर काकी म्हणाल्या, "माझं चुकलं, सावंत. ऐकायच्या आधी ठरवलं मी." सावंत इतके ओशाळले की आतून बिस्किटांचा नवा पुडा घेऊन आले.

पण गोष्ट तिथे संपली नाही. तीन दिवसांनी माझं चित्र पुन्हा गोठलं. पान उघडलं तर दोन्ही नावं पुन्हा एक झालेली. शिकवणीच्या बाईंकडेही तेच. कंपनी दर काही दिवसांनी पहाटे आपलं सेटिंग परत पाठवत होती. आम्ही सोडवलेली गाठ ती दर वेळी नव्याने बांधत होती. "आता दोष माझ्या हातात नाही," काकी म्हणाल्या. "ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे जाऊ."

कंपनीचं कार्यालय वसईत स्टेशनजवळ. काकींनी त्या दिवशी इस्त्रीची सुती साडी नेसली होती, पर्समध्ये वही. तिथले व्यवस्थापक तिशीतले, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. "काकी, अपडेट तर तुमच्याच सुरक्षेसाठी असतो. तुम्ही एकदा बंद करून..."

"ते सोडून बोला," काकी म्हणाल्या.

त्यांनी वही उघडून टेबलावर ठेवली. अठ्ठावीस घरं. प्रत्येक घराचा दिवस, वेळ, खोली, यंत्र. व्यवस्थापकांनी दोन पानं उलटली, मग मला विचारलं, "हे कोणी केलं? तुम्ही?"

"मी नाही. यांनी."

तरी ते म्हणाले, की कागदावरून काही सिद्ध होत नाही. काकी जणू याचीच वाट बघत होत्या. "तुमच्याकडे हाच राउटर आहे ना? वर्षा, नितीनला लाव."

मी त्यांच्या वायफायवर लॅपटॉप जोडून विरारला नितीनला कॉल लावला. तो खुणा करत होता आणि मी लॅपटॉप हातात धरून कार्यालयातून मागच्या गोदामाकडे निघाले. मागे व्यवस्थापक, त्यांच्यामागे कामं सोडून उठलेली पाच-सहा माणसं. गोदामाच्या दाराशी नितीन गोठला, एक हात वर, तोंड उघडं. कोणीतरी हसलं. सुरू झाल्यावर मी त्याला सांगितलं, की इथे तुला सगळे बघतायत. त्याने केस नीट केले. पुन्हा चाललो, पुन्हा तिथेच गोठला. तिसऱ्यांदाही.

"आता नावं वेगळी करा," काकींनी सांगितलं. त्यांच्याच माणसाने केली. मी त्याच वाटेने चालत गेले. दार ओलांडलं, गोदामाच्या शेवटच्या रॅकपर्यंत गेले. नितीनचे हात अखंड चालू होते.

व्यवस्थापकांनी हळूच विचारलं, "ते काय म्हणतायत?"

मी सांगितलं, "तो विचारतोय, की या बाई कोण आहेत? यांना इंजिनीअर म्हणू का?"

काकी पडद्याकडे वाकल्या. "त्याला सांग, बिघाड शोधनारी."

व्यवस्थापकांनी वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो घेतला, आमच्यासमोर वरच्या कार्यालयाला फोन लावला आणि त्यात एकदाही ‘ग्राहकाचं म्हणणं आहे की’ असं म्हटलं नाही. "आम्ही इथे तपासलंय, दोष आपल्याकडे आहे," असं म्हणाले. आठवड्याभरात दुरुस्त केलेला अपडेट आला, आमच्या इमारतीपुरता नव्हे, त्यांच्या सगळ्या राउटरना. आमच्या वायफायची नावं पुन्हा वेगळी झाली ती कायमची. मला दवाखान्याचे कॉल परत मिळाले आणि हॉलमधली केबल काकींनी गुंडाळून नेली.

वसईहून परतताना आम्ही रिक्षा केली होती. खाडीकडचा वारा लागत होता. काकी एकदम बोलायला लागल्या. त्यांचं एक्सचेंज रिकामं झालं त्या दिवसाबद्दल. जुनी यंत्रं भंगारात निघाली, माणसं मुदतीआधी घरी पाठवली. शेवटच्या दिवशी एक तरुण अधिकारी त्यांना म्हणाला होता, "ताई, तुम्हाला जे येतं ना, ते आता कुठेच लागत नाही." वाईट हेतूने नव्हे, समजूत घालायला म्हणून.

"मी घरी येऊन मुलीलासुद्धा नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, खरंच असेल. मशिनी गेल्या, तारा गेल्या. माझ्याकडे काय राहिलं?" मग त्यांनी मांडीवरची पर्स जरा घट्ट धरली. "पन मला तारा नव्हत्याच येत ग फक्त. मला ऐकता येत होतं."

मी त्यांचा हात हातात घेतला. माझ्या हातांच्या भाषेत तेही बोलणंच असतं.

गेल्या दिवाळीनंतर काकी नंदाखालला लेकीकडे राहायला गेल्या. गुडघे दुखायला लागले होते, एकटीने राहू नये असं लेकीचं म्हणणं. फ्लॅट भाड्याने दिला. निघताना त्यांचा चेहरा उतरला होता. मलाच भीती वाटली, की लेकीच्या केळीच्या बागेत बसून या बाईंचे दिवस कसे जाणार? तिथे ऐकायला काय आहे?

महिन्याभरापूर्वी सुट्टी काढून त्यांना भेटायला गेले. न कळवता गेले, म्हटलं चकित करावं. नारळीखालून वाट काढत घराशी पोचले तर ओटीवर तीन माणसं बसलेली. एकाच्या मांडीवर बागेतल्या मोटरचा स्टार्टर, एका मुलीच्या हातात बंद पडलेला टॅब, आणि एक म्हातारीशी बाई पिशवीत मिक्सर घेऊन आलेली. काकी आत खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या, आणि समोर एक बाप्या त्याच्या घरचं वायफाय कधी, कुठे, कसं जातं ते सांगत होता. त्याचं बोलणं संपलं. काकी दोन क्षण थांबल्या. मग तो बाप्या म्हणाला, "आनि हां, परवा आम्ही घरात नवा फ्रिज घेतला तेव्हापासून जास्त." काकींनी डोळे उघडले, तेव्हा त्यांना मी दिसले.

"आलीस? बस जरा," त्या म्हणाल्या. "या लोकांचं आधी बघते."

मी ओटीवर चौथी बसले. मिक्सरवाल्या बाईंनी सरकून मला जागा दिली आणि विचारलं, "तुमचं काय बिघडलंय?"

"माझं काही नाही," मी म्हटलं. "मी त्यांची नायगावची शेजारीण."

हे सांगताना माझा आवाज जरा मोठाच लागला असावा, कारण तिघांनीही वळून माझ्याकडे पाहिलं आणि त्या बाई आणखी थोडं सरकल्या.